रानातला कंद आणि आठ मीटरचा कॅनव्हास: ऑस्ट्रेलियातल्या आजच्या चित्रकारांविषयी

सावली_मेलबर्न

दोन वर्षांपूर्वी आईबाबा माझ्याकडे मेलबर्नला आले होते. बाबा पुसेगावकडचे. आयुष्यभर बटाटा आणि आलं लावलेला माणूस. चित्रांच्या प्रदर्शनाला ते कधी गेले नव्हते. बाहेर पाऊस होता म्हणून त्यांना फेडरेशन स्क्वेअरच्या गॅलरीत घेऊन गेले. एका चित्रासमोर ते थांबले ते हललेच नाहीत. बाकावर वीसेक मिनिटं बसून राहिले आणि उठताना म्हणाले, "या बाईनं जमीन उकरलेली आहे."

ते चित्र एमिली काम उंग्वारे यांचं 'बिग याम ड्रीमिंग', १९९५ सालचं. जवळजवळ तीन मीटर उंच आणि आठ मीटर रुंद. काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर फक्त पांढऱ्या रेषा. लांबून बघितलं तर भेगाळलेली जमीन वाटते. जवळ गेलं की रेषेचा स्वभाव कळतो. ब्रश रंगात बुडवला तिथे रेष जाड, दुधाळ, काठाला किंचित फुगलेली. पुढे हातभर गेली की रंग संपत येतो, ब्रशचे केस सुटे सुटे दिसायला लागतात, आणि ती अगदी विरणार इतक्यात नव्या रंगाने भरलेली दुसरी रेष येऊन तिला मिळते. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे मी बोटाने हवेत गिरवून शोधायचा प्रयत्न केला. सापडत नाही. बाबा म्हणाले ते खरं होतं, कंदाची मुळं जमिनीत अशीच जातात.

हा कंद म्हणजे तिथल्या वाळवंटातला पेन्सिल याम. शेंगावर्गीय वेल आहे, जमिनीवर पसरतो आणि खाली बोटभर जाडीचे कंद धरतो. पीक तयार झालं की वरची माती तडकते आणि बायका ती भेग बघून खणतात. एमिलीबाईंच्या नावातलं 'काम' म्हणजे याच कंदाचं बी. आपल्या 'काम' शब्दाशी त्याचा संबंध नाही.

त्यांचा जन्म १९१० च्या सुमाराचा. ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला, दोन-अडीचशे किलोमीटरवर युटोपिया नावाचा भाग आहे, तिथल्या अल्हाल्केर या त्यांच्या मुलखात त्या जन्मल्या. तरुणपणी गोऱ्यांच्या गुरांच्या स्टेशनांवर, म्हणजे मोठाल्या कुरणांवर राबल्या. १९७७ च्या सुमाराला युटोपियातल्या बायका बाटिक शिकल्या, त्यात याही होत्या. गरम मेण, उकळतं पाणी, कापड पिळणं, सगळी अंगमेहनत. १९८८-८९ च्या उन्हाळ्यात या बायकांना कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग दिले गेले, तेव्हा एमिलीबाई सत्तरीच्या पुढे होत्या. १९९६ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. मधल्या आठ वर्षांत त्यांनी अंदाजे तीन हजार चित्रं केली. 'बिग याम' दोन दिवसांत झालं. कॅनव्हास जमिनीवर अंथरलेला, त्या त्यावरच बसून, आपल्याकडे अंगण सारवतात तसं सरकत सरकत.

मला यात सगळ्यात जास्त काय भिडलं ते सांगते. मी इथे येईपर्यंत समजत होते की चित्रकार काय वाटेल ते काढू शकतो, विषय निवडायला तो मोकळा असतो. एमिलीबाईंच्या समाजात तसं नाही. हा कंद, त्याची गोष्ट आणि त्या गोष्टीची जागा यांची राखण जन्माने त्यांच्याकडे आली होती. 'अवेल्ये' नावाचे बायकांचे विधी असतात, त्यात छातीवर आणि दंडांवर पट्टे रंगवतात. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांतले आडवे-उभे पट्टे तिथून आलेले आहेत. म्हणजे कॅनव्हास नवा आणि हात जुना. 'ड्रीमिंग' या शब्दाने फसू नका. त्यात झोपेतलं स्वप्न नाही. पूर्वजांनी मुलूख घडवला, त्या घडणीत नियम, नाती, रस्ते, पाणवठे सगळं आलं, आणि ते आजही चालूच आहे, असा त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियातल्या चित्रकारांवर मराठीत फार कमी लिहिलं जातं. ज्यांनी कुणी बघितलंय, वाचलंय, त्यांनी भर घाला. आदिवासी चित्रकारच हवेत असं नाही, कुणाहीबद्दल लिहा.

---

रानवाट

सावलीताई, बाबांचं वाक्य वाचून थांबले. एक साधी शंका. ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रं म्हटलं की डोळ्यासमोर ठिपके येतात. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच काही आहे का ते? आणि या चित्रात ठिपके का नाहीत?

---

चौकस

लेख चांगला आहे, पण मनापासून एक प्रश्न. आठ वर्षांत तीन हजार म्हणजे रोज एक चित्र. इतक्या वेगात काढलेल्याला आपण उत्तम कला कशी म्हणायची? यांचं एक चित्र वीस लाख डॉलरच्या वर गेलं असं वाचलंय. एवढा भाव कशाचा? बाजारानेच चढवलेला वाटतो.

---

सावली_मेलबर्न

रानवाट, रांगोळीत ठिपका आधी येतो आणि रेष त्याला धरून जाते. तिथे बहुतेक वेळा उलटं असतं. आकृती आधी असते, ठिपके मागाहून तिच्याभोवती आणि तिच्यावर भरतात.

ही पद्धत कॅनव्हासवर आली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या नावाची सरकारी वसाहत होती. वेगवेगळ्या जमातींच्या लोकांना आपापल्या मुलखातून उठवून तिथे आणून ठेवलेलं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे शिक्षक तिथल्या शाळेत आले. मुलं वाळूत खुणा काढतात हे त्यांनी पाहिलं, आणि मग वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या गोष्टीचं मोठं चित्र रंगवलं. त्यानंतर ते लोक मिळेल त्यावर रंगवायला लागले, फळकुटांवर, खोक्यांच्या तुकड्यांवर, फरशीच्या तुकड्यांवर. १९७२ मध्ये 'पापुन्या तुला' ही चित्रकारांची स्वतःची कंपनी झाली. ती अजून चालू आहे.

पण सुरुवातीच्या चित्रांत काही खुणा अशा होत्या की त्या दीक्षा न घेतलेल्यांनी पाहायच्या नसतात. त्यावरून आपसात बरीच नाराजी झाली. मग त्या खुणा काढणं बंद झालं आणि ठिपक्यांचे थर वाढत गेले. म्हणजे आपल्याला जी नक्षी दिसते तिचं एक काम झाकण्याचंही आहे. हे कळल्यावर मी ती चित्रं वेगळ्या नजरेने बघायला लागले. मला सगळं दाखवायला ती बांधील नाहीत.

एमिलीबाईंनी सुरुवातीच्या चित्रांत भरपूर ठिपके वापरले. खाली रेषांचं जाळं आणि वर ठिपके. नंतर त्यांनी एकेक गोष्ट सोडून दिली. 'बिग याम'मध्ये खालचं जाळं तेवढं उरलं.

चौकस, वेगाबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यात एक दुखरी बाजूही आहे. त्यांच्या चित्रांना भाव आल्यावर व्यापाऱ्यांची रीघ लागली, आणि त्यांच्या कमाईवर गोतावळ्यातली कितीतरी माणसं अवलंबून होती. थकलेल्या म्हातारीकडून लोक चित्रं काढून घेत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तीन हजारांतली सगळी सारख्या तोलाची नाहीत हेही मान्य. पण 'बिग याम'चे दोन दिवस हे नुसते दोन दिवस नव्हेत. सत्तर-ऐंशी वर्षं तोच मुलूख चालून, खणून, त्याची गाणी म्हणून झालेली होती. गवयाची मैफल तीन तासांची म्हणून गाणं तीन तासांचं, असं आपण म्हणत नाही ना?

तुम्ही म्हणता ते चित्र 'अर्थ्स क्रिएशन', १९९४ चं. २००७ मध्ये दहा लाख डॉलरच्या थोडं वर गेलं, २०१७ मध्ये २१ लाखांना. पैशांपेक्षा मला त्यांच्या शेवटच्या दिवसांतलं काम मोठं वाटतं. जाण्याच्या काही आठवडे आधी त्यांनी रुंद, चपटा ब्रश घेऊन तीन दिवसांत २४ लहान कॅनव्हास रंगवले. त्यांत रेष नाही की ठिपका नाही, रंगाचे सपाट, ओले पट्टे आहेत.

---

नीलमोहर

सिडनीत राहतो. कामाच्या निमित्ताने नाही, आवडीने दरवर्षी आर्चिबाल्ड बघायला जातो, म्हणून त्या बाजूने थोडं.

आर्चिबाल्ड हा व्यक्तिचित्रांचा पुरस्कार, १९२१ पासून चालू आहे. आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स देते, रक्कम आता एक लाख डॉलर. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्यांवर जशी घरोघरी चर्चा होते तशी इथे या निकालावर होते, टॅक्सीवालासुद्धा मत देतो. गॅलरीत चित्रं उतरवून घेणारी, खोकी उघडणारी जी मंडळी आहेत त्यांचा वेगळा पुरस्कार असतो, 'पॅकिंग रूम प्राइझ'. तो मला फार प्रिय आहे.

२०११ चा विजेता बेन क्विल्टी. जन्म १९७३. त्याचा रंग इतका जाड की चित्राला बाजूने बघावं लागतं. पॅलेट नाइफने लोणी थापल्यासारखा थापतो. अगदी जवळून पाहिलं तर गालाच्या ठिकाणी गुलाबी, पांढरा, राखाडी असे तीन रंग एकाच फटकाऱ्यात अर्धवट मिसळलेले असतात, आणि पाच पावलं मागे आलं की ती जिवंत कातडी होते. त्या वर्षी त्याने मार्गारेट ऑली यांचं चित्र केलं होतं. ऑली स्वतः नावाजलेल्या चित्रकार, तेव्हा ८७ वर्षांच्या. गंमत अशी की १९४८ चा आर्चिबाल्ड विल्यम डोबेल यांना मिळाला होता तोही याच ऑलींच्या चित्रासाठी, त्या पंचविशीच्या असताना. एकाच चेहऱ्यावर दोन पुरस्कार, मध्ये ६३ वर्षं. क्विल्टीचा निकाल लागला आणि तीनेक महिन्यांत ऑलीबाई गेल्या.

ऑलींबद्दल दोन ओळी जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिडनीच्या पॅडिंग्टन भागात जुन्या टोप्यांच्या कारखान्याच्या जागेत त्यांचं घर होतं. आयुष्यभर त्यांनी आपल्याच घरातल्या वस्तू रंगवल्या, फुलदाण्या, फळं, टेबलं, खिडकीतून येणारा उजेड. घर इतकं भरलेलं की बसायला जागा शोधावी लागे. त्या गेल्यावर त्यांच्या काही खोल्या आतल्या हजारो वस्तूंसकट न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला मुरविलंबाच्या ट्वीड रीजनल गॅलरीत पुन्हा उभ्या केल्या, २०१४ पासून त्या पाहता येतात. सुकलेली फुलं, रंगाच्या ट्यूबा, सगळं. सिडनीहून लांब आहे, पण मी खास गेलो होतो. पिवळ्या खोलीच्या काचेसमोर उभं राहिल्यावर, तिला विषयासाठी कुठे जावं का लागलं नाही ते समजतं.

क्विल्टीचं दुसरं काम मला त्याच्या चित्रांइतकंच मोलाचं वाटतं. २०११ मध्ये तो सरकारी युद्धचित्रकार म्हणून अफगाणिस्तानला गेला, आणि परत आल्यावर त्याने सैनिकांना स्टुडिओत बोलावून विवस्त्र रंगवलं. कसरतीची पोझ नाही, पदकं नाहीत, आतून मोडलेली माणसं. पुढे बालीच्या तुरुंगात फाशीची... म्हणजे तिथे गोळ्या घालतात, त्या शिक्षेची वाट बघणाऱ्या म्यूरन सुकुमारनला त्याने चित्रकला शिकवली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेला ऑस्ट्रेलियन मुलगा. एप्रिल २०१५ मध्ये शिक्षा अमलात आली. अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत तो स्वतःचा चेहरा रंगवत होता. २०१७ मध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन कॅम्पबेलटाउनला झालं. मी गेलो होतो. शेवटच्या दालनात कोणी बोलत नव्हतं.

---

जास्वंद_९

नीलमोहर, २०२० च्या निकालाबद्दल लिहा ना. नामातजिरा घराण्याचं नाव ऐकलंय, नीट माहिती नाही.

---

नीलमोहर

जास्वंद, ही गोष्ट दोन पिढ्यांची नाही, चार पिढ्यांची आहे.

आल्बर्ट नामातजिरा, जन्म १९०२, मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मन्सबर्ग मिशनचे, अरेर्न्ते समाजाचे. रेक्स बॅटरबी या चित्रकाराकडून ते १९३६ मध्ये जलरंग शिकले. दोन वर्षांनी मेलबर्नला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली. पांढऱ्या खोडाची भुतासारखी झाडं आणि मागे जांभळे डोंगर. एके काळी त्यांच्या छापील प्रती इथल्या घराघरांत होत्या. १९५७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नीला पूर्ण नागरिकाचे हक्क मिळाले. मुलांना मात्र नाहीत. नागरिक म्हणून ते दारू विकत घेऊ शकत होते, पण आपल्या माणसांना देऊ शकत नव्हते. दुसऱ्याच वर्षी याच गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर फार जगले नाहीत, ऑगस्ट १९५९ मध्ये गेले.

त्यांचा पणतू व्हिन्सेंट, जन्म १९८३. लहानपणी आई गेली, पर्थला परक्या घरांत वाढला. अठराव्या वर्षी आपल्या माणसांकडे परत आला. पणजोबांनी डोंगर रंगवले, हा चेहरे रंगवतो. इंग्लंडची राणी, पंतप्रधान, कॅप्टन कुक, खाणमालक, आणि त्यांच्या शेजारी स्वतः. चेहरे वेडेवाकडे, रंग उघडे, पण डोळ्यांतला भाव अचूक. २०२० मध्ये आर्चिबाल्ड त्याला मिळाला, फुटबॉलपटू ॲडम गुड्स यांच्या चित्रासाठी. पुरस्काराच्या ९९ वर्षांत हा मान मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार. निकाल ऐकला तेव्हा मी गाडीत होतो. गाडी बाजूला घेतली.

२०२४ मध्ये कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन होतं. त्यात खाण उद्योजिका जीना राइनहार्ट यांचाही चेहरा होता. तो उतरवावा अशी मागणी झाली. गॅलरीने चित्र तिथेच ठेवलं.

---

ठसेकर

पुण्यात प्रिंटमेकिंग शिकवतो. एका चित्रकर्तीबद्दल तंत्राच्या अंगाने लिहितो, कारण तिचं काम वर्गात दाखवल्यावर मुलं गप्प होतात.

क्रेसिडा कॅम्पबेल, जन्म १९६०, सिडनी. ती प्लायवूडवर चित्र काढते, मग प्रत्येक रेष बारीक कोरते. त्या चरांमुळे रंग एकमेकांत उतरत नाहीत. मग छोट्या ब्रशने, जलरंगाचे जाड थर, एकेक पाकळी, एकेक कौल. याला महिने लागतात. सगळं झालं की फळीवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा, वर कागद ठेवून दाबायचा आणि उचलायचा. कागद एकच निघतो. दुसरा काढायला फळीवर रंग उरलेलाच नसतो. फळी हे एक चित्र आणि तिचा उलटा ठसा हे दुसरं, बस, दोनच.

ठसा म्हणजे शंभर प्रती, हे आमच्या शिक्षणातलं पहिलं वाक्य. तिने तेच बाजूला ठेवलं. कागद उचलताना रंग कुठे किती सुटेल हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे रेघा पांढऱ्या राहतात आणि रंगांवर भिंतीच्या जुन्या गिलाव्यासारखी पोत येते. तरुणपणी ती टोकियोला जपानी लाकडी ठसे शिकायला गेली होती, ते वळण दिसतं. विषय घरातलेच. ओट्यावर निथळणारी भांडी, कुंडी, खिडकी. २०२२-२३ मध्ये कॅनबेराला तिच्या आजवरच्या कामाचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं. नीलमोहर यांनी ऑलीबाईंचं घर सांगितलं, त्याच घराण्यातली ही म्हणा.

---

चौकस

सावलीताई, गवयाची उपमा पटली. चित्र पुन्हा पाहिलं. मोबाइलवर काहीच कळत नाही, संगणकावर मोठं करून पाहिलं तेव्हा रेष विरते ती जागा सापडली.

आता पैशाबद्दल खरंच जाणून घ्यायचं आहे. २१ लाखांतलं त्या बाईंच्या लोकांना काय मिळतं?

---

कलम_५३

याचं उत्तर मी देतो, बौद्धिक संपदा हे माझं रोजचं काम आहे.

जॉनी वारंगकुला हे पापुन्याचे पहिल्या फळीतले चित्रकार. १९७२ मध्ये त्यांनी पावसाच्या गोष्टीचं एक चित्र केलं, 'वॉटर ड्रीमिंग ॲट कालिपिन्पा'. त्यांना त्याचे १५० डॉलर मिळाले. १९९७ मध्ये ते लिलावात दोन लाख सहा हजारांना गेलं, तीन वर्षांनी चार लाख ८६ हजारांना. चित्रकार जिवंत होता, म्हातारा, नजर अधू झालेली. त्या विक्रीतलं कायद्याने त्याला काहीही देणं लागत नव्हतं. त्याने वाटा मागितला. २००१ मध्ये तो गेला. असाच दुसरा दाखला क्लिफर्ड पॉसम यांच्या 'वार्लुगुलोंग'चा. १९७७ चं हे चित्र एका बँकेने १,२०० डॉलरला घेतलं, २००७ मध्ये ते २४ लाखांना विकलं गेलं.

हे दाखले वर्षानुवर्षं मांडले गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियात पुनर्विक्री मानधनाचा कायदा आला. ९ जून २०१० पासून, एक हजार डॉलर किंवा जास्त किमतीच्या व्यावसायिक पुनर्विक्रीवर पाच टक्के चित्रकाराला, आणि मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांना. म्हणून चौकस, कायदा आल्यानंतरच्या व्यवहारांत वारसांना काही मिळू शकतं, पण त्यातही कायद्यापूर्वी घेतलेलं चित्र पहिल्यांदा विकलं जाईल तेव्हा वाटा लागत नाही. त्या खाचेत बरंच निसटतं.

आपल्याकडेही कायदा आहे, हे बहुतेक चित्रकारांना माहीत नसतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५३-अ. दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा, कमाल दहा टक्के. कागदावर आपला वाटा त्यांच्याहून मोठा आहे. प्रत्यक्षात त्याचा वापर होताना मी जवळजवळ पाहिलेला नाही, याची मला खंत आहे.

नामातजिरांच्या कॉपीराइटची गोष्ट तर ऐकवत नाही. १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने तो एका प्रकाशन संस्थेला ८,५०० डॉलरला विकून टाकला, कुटुंबाला न विचारता. २०१७ मध्ये तो एक डॉलरला कुटुंबाच्या ट्रस्टकडे परत आला. मधली ३४ वर्षं पणजोबांचं चित्र छापायला घरच्यांनाच परवानगी लागत होती.

एक खटला मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. नव्वदीच्या सुरुवातीला पर्थच्या एका कंपनीने आदिवासी चित्रं उचलून व्हिएतनामात गालिचे विणून आणले. त्यांत बांदुक मारिका या चित्रकर्तीचं पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं. लोक त्यावर पाय देऊन चालणार. तिने ते होऊ दिलं नव्हतं, तरी तिच्या समाजाच्या नियमाने जबाबदार तीच, कारण त्या गोष्टीची राखण तिच्याकडे. १९९४ मध्ये फेडरल कोर्टाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला, सुमारे एक लाख ८८ हजार डॉलर भरपाई ठरली, आणि नुकसान मोजताना समाजात सोसावी लागलेली मानहानीही धरली. सावलीताईंनी राखणीबद्दल लिहिलं ना, ती कोर्टाच्या निकालपत्रात अशी येऊन बसली आहे.

---

सावली_मेलबर्न

कलम, खूप आभार. माझीच एक चूक इथे लिहून ठेवते.

पहिल्या वर्षी सुट्टीत फिरायला गेले असताना एका पर्यटन दुकानातून ठिपक्यांचं कासव रंगवलेली लाकडी थाळी घेतली. ४५ डॉलर. दुकानदाराने 'अस्सल' म्हणून दिली. घरी आल्यावर किमतीची चिठ्ठी काढली तर खाली दुसऱ्या देशाचं नाव. चिठ्ठी मुद्दाम त्यावर चिकटवलेली. चार वर्षं ती थाळी मी पुण्याला भेट म्हणून दिलेली होती आणि मावशी पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होती, कारण खरं सांगायची मला लाज वाटत होती. शेवटी सांगितलं. इथल्या सरकारी आयोगाने २०२२ मध्ये अभ्यास केला, तेव्हा आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंवर होणारा निम्म्याहून जास्त खर्च अशा नकली मालावर होतो असं निघालं.

आता मी एवढंच बघते: चित्रकाराचं नाव, गावाचं नाव, आणि ते चित्र त्या गावच्या कला केंद्रातून आलंय का. ही केंद्रं बहुतेक चित्रकारांच्याच मालकीची असतात. ती गोष्ट कुणाची आहे हेही कागदावर लिहिलेलं असतं. नाव नाही तर घेत नाही.

---

किनारा

सॅली गाबोरी यांचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितेय. कार्पेन्टारियाच्या आखातातल्या बेंटिंक बेटावरच्या. १९४८ मध्ये समुद्राचं पाणी शिरून गोड्या पाण्याचे साठे खारट झाले आणि सगळ्या कायादिल्त लोकांना मॉर्निंग्टन बेटावर हलवलं. २००५ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी पहिल्यांदा ब्रश धरला. मोठाल्या कॅनव्हासवर गुलाबी, पांढरा, केशरी, ओल्या रंगावर ओला रंग. नाव मात्र प्रत्येक चित्राला ठिकाणाचं, वडिलांची जागा, नवऱ्याची जागा, भावाची जागा. २०१५ मध्ये गेल्या, २०२२ मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन झालं. कोयनेच्या पाण्याखाली आजोळ गेलेल्या घरातली मी आहे. आजी शेवटपर्यंत बांधांची नावं सांगायची. मला ही चित्रं अमूर्त वाटतच नाहीत.

---

मास्तर_जव्हार

सगळा धागा वाचला. मी जव्हार भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. वारलींविषयी एक-दोन गोष्टी सांगतो.

आमच्याकडे लग्नात भिंतीवर देवचौक काढतात. काढतात म्हणत नाहीत, 'लिहितात'. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लिहायचा मान सवाशिणींचा, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणून तो चौक जागा करते. मध्ये पालघाट देवी. लग्न नसताना चौक लिहायचा नाही. १९७० च्या दशकात कागद आला, जिव्या सोमा मशे यांच्यासारखे पुरुष कलावंत पुढे आले आणि वारली जगभर गेली. त्याचा आनंदच आहे. पण आज कपबशीवर, पडद्यावर, सोसायटीच्या कंपाउंडवर जो तो वारली रंगवतो, तेव्हा लिहायचा मान कुणाचा हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. म्हणून तुमचं ते राखणीचं वाचून बरं वाटलं.

काल 'बिग याम'चं चित्र रंगीत छापून पाड्यावर नेलं. एका आजींना दाखवलं, त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, अनेक लग्नांत चौक लिहिलेला आहे. त्यांनी कागद उलटा धरला, मग आडवा धरला. मी सांगितलं, आजी, ही जमिनीतल्या कंदाची मुळं, तिकडच्या एका म्हातारीने लिहिलीत. त्यांनी बोट एका रेषेवर ठेवून शेवटपर्यंत नेलं. मग मला विचारलं, "हा कंद कडू का गोड?" आमच्याकडचा कडूकंद चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, त्याशिवाय खाता येत नाही. मला उत्तर आलं नाही. सावलीताई, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, रविवारी परत जाणार आहे.

---

सावली_मेलबर्न

मास्तर, गोड. पाण्यात ठेवावा लागत नाही, कच्चासुद्धा खातात. नाहीतर खणल्या जागीच शेकोटी करून गरम राखेत पुरतात. आजींना सांगा, तिकडेही खणायचं काम बायकांचंच, आणि वर भेग दिसली की कळतं.